निर्वासित मुली, सांघिक खेळ आणि सक्षमीकरणाची भाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना

‘निर्वासित’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले. तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत गोंदिया जिल्ह्यात आहे. मात्र या शब्दाबरोबर सामान्यतः जे चित्र मनापुढे येते ते अन्न, निवारा, कागदपत्रे आणि रोजगार यांसाठी चाललेल्या धडपडीचे असते. खेळाला त्या चित्रात जागा नसते आणि मुलींच्या खेळाला तर मुळीच नसते.

आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पातळीवर गेल्या दोन दशकांत ही दृष्टी बरीच बदलली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये विकास आणि शांततेसाठी खेळ या विषयावर आंतरसंस्थात्मक अहवाल प्रसिद्ध केला. २००५ हे वर्ष क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. २०१४ पासून ६ एप्रिल हा दिवस विकास व शांततेसाठीच्या खेळाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून साजरा होतो. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निर्वासितांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले. या सर्व उपक्रमांत निर्वासित मुलींना विशेष स्थान दिले गेले असून ‘खेळातून सक्षमीकरण’ हा त्यांचा परवलीचा शब्द झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळाने विस्थापित झालेले होते व त्यांपैकी ४ कोटी २७ लाख निर्वासित होते. प्रश्नाची ही व्याप्ती पाहता या परवलीच्या शब्दाची चिकित्सा होणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सांघिक खेळाचे मूल्य मुलीच्या मनात किती आत्मविश्वास निर्माण झाला यावरून ठरवणे अपुरे आहे. संघ ही मुळात सार्वजनिक गोष्ट आहे. तिला मैदान लागते, पोशाखाची मान्यता लागते, समोर प्रतिस्पर्धी लागतो आणि स्वतःचे नाव लागते. निर्वासित मुलींना नाकारल्या जातात त्या नेमक्या याच चार गोष्टी. म्हणून चिकित्सेचा रोख मुलीकडून या चार गोष्टी देणाऱ्या अथवा रोखणाऱ्या व्यवस्थेकडे वळला पाहिजे. पुढील विवेचनात काही ग्रंथ, एक माहितीपट आणि काही प्रत्यक्ष घटना यांच्या आधारे हा विचार मांडला आहे.

सक्षमीकरणाची प्रचलित भाषा

नायला कबीर यांनी १९९९ मधील आपल्या सुप्रसिद्ध लेखात सक्षमीकरणाची तीन अंगे सांगितली आहेत : संसाधने, कर्तृत्व आणि निष्पत्ती. ज्यांना आयुष्याविषयीचे महत्त्वाचे निर्णय घेण्याची क्षमता नाकारली गेली होती त्यांना ती प्राप्त होणे, म्हणजे सक्षमीकरण, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या व्याख्येच्या कसोटीवर खेळविषयक प्रकल्पांची भाषा पाहिली तर एक विसंगती ठळकपणे जाणवते. प्रकल्पांच्या अहवालांत संसाधनांचा उल्लेख चेंडू, बूट आणि प्रशिक्षक यांच्या संख्येपुरता असतो, निष्पत्ती म्हणून आत्मविश्वास, आनंद व संघभावना यांची नोंद होते आणि मधले जे अंग, म्हणजे निर्णय घेण्याचे कर्तृत्व, ते बहुधा गृहीत धरले जाते. कोणता खेळ खेळायचा, कोणत्या वेळी, कोणाविरुद्ध आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे मुलींनी ठरवले का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

क्रीडा-समाजशास्त्रज्ञ फ्रेड कोल्टर यांनी अशा प्रकल्पांमागील एका गृहीतकावर नेमके बोट ठेवले आहे. सहभागी मुलांमध्ये काहीतरी उणीव आहे आणि खेळ ती भरून काढील, असे ते गृहीतक होय. युद्धातून जीव वाचवून, सीमा ओलांडून, धाकट्या भावंडांना सांभाळत छावणीपर्यंत पोहोचलेल्या मुलीत धैर्याची उणीव आहे असे मानणे मुळातच विपरीत आहे. तिच्याकडे उणीव असलीच तर ती मोकळ्या जागेची, मोकळ्या वेळेची आणि मान्यतेची असते. पाणी भरणे, स्वयंपाक, भावंडांची देखभाल यांत जिचा दिवस संपतो तिच्या बाबतीत ‘खेळायला येत नाही’ याचे कारण संकोच हे नसून सवड नाही हे असू शकते.

येथे आणखी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मुलगे फुटबॉल खेळतात तेव्हा त्यांना खेळ आवडतो एवढे कारण पुरेसे ठरते. मुली खेळू लागल्या की त्या खेळातून काय साध्य झाले याचा हिशेब मागितला जातो : बालविवाह कमी झाले काय, शाळेतील उपस्थिती वाढली काय, समाजात सलोखा निर्माण झाला काय. हे परिणाम इष्ट आहेत यात शंका नाही. परंतु मुलीच्या खेळण्याला दरवेळी एखाद्या उपयुक्त कारणाची शिफारस जोडावी लागत असेल, तर खेळण्याचा तिचा अधिकार अद्याप मान्य झालेला नाही असाच त्याचा अर्थ होतो. बालहक्क संहितेच्या (१९८९) ३१ व्या कलमाने खेळ हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला आहे. तेथे उपयुक्ततेची अट घातलेली नाही.

मैदान : जागेचा प्रश्न

वॉरेन सेंट जॉन यांचा ‘आउटकास्ट्स युनायटेड’ (२००९) हा ग्रंथ या विषयावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखनांपैकी एक होय. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा शहरालगत क्लार्क्स्टन हे छोटे गाव आहे. १९९० च्या दशकात तेथे अनेक देशांतील निर्वासितांचे पुनर्वसन झाले. मूळच्या जॉर्डनच्या, अमेरिकेत आश्रय घेतलेल्या लूमा मुफ्लेह यांनी २००४ मध्ये तेथील निर्वासित मुलांचा ‘फ्यूजीज’ हा फुटबॉल संघ बांधला. सराव व सामन्यांबरोबर अभ्यासवर्गांना हजेरी, शिस्तीचा लेखी करार आणि पुढे मुलांसाठी स्वतंत्र शाळा, असा त्यांच्या कार्याचा विस्तार होत गेला.

या ग्रंथाचे मर्म संघाच्या विजयांपेक्षा मैदानाच्या वादात आहे. गावच्या उद्यानातील मैदान बेसबॉलसाठी राखीव असल्याची भूमिका महापौरांनी घेतली आणि निर्वासित मुलांना तेथे फुटबॉल खेळण्यास मनाई केली. संघाला एका शाळेमागील खडबडीत जागेवर सराव करावा लागला. सेंट जॉन यांनी २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या वृत्तलेखामुळे या वादाला राष्ट्रीय प्रसिद्धी मिळाली. निर्वासित मुले गावात राहतात याला कोणाचा उघड विरोध नव्हता. विरोध झाला तो ती गावाच्या मध्यभागी, सर्वांच्या डोळ्यांसमोर, समूहाने दिसू लागली तेव्हा. मैदान म्हणजे केवळ मोकळी जागा नसून गावाने कोणाला आपले मानले आहे याची ती जाहीर नोंद असते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसते. या कथेची नायिका स्त्री आहे. ती कर्तबगार आहे, कठोर आहे, अरब आहे आणि स्वतः आश्रयार्थी आहे. परंतु तिच्या संघांतील ज्या खेळाडूंची कहाणी ग्रंथ सांगतो ते मुलगे आहेत. मुलींचे संघ या संस्थेत पुढे झाले. त्यांच्या बहिणी ग्रंथात घरकाम करणाऱ्या, कुटुंबातील दुय्यम पात्रे म्हणून येतात. क्लार्क्स्टनमध्ये मुलग्यांना गावाने मैदान नाकारले. त्यांच्या बहिणींना ते नाकारण्याची वेळसुद्धा आली नाही, कारण त्या मैदानापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. लेखकाने हा दुहेरी अडसर स्वतंत्र प्रश्न म्हणून हाताळला असता तर ग्रंथाला अधिक खोली लाभली असती.

जॉर्डनमधील झातारी छावणीवरील ‘कॅप्टन्स ऑफ झातारी’ (२०२१) या अली एल अरबी यांच्या माहितीपटाबाबतही हेच म्हणता येते. जुलै २०१२ मध्ये सीरियन निर्वासितांसाठी ही छावणी उघडण्यात आली. माहितीपट दोन मित्रांच्या फुटबॉलप्रेमाचा, कतारमध्ये खेळण्याच्या संधीचा आणि त्यांच्या आशा-निराशेचा संयत आलेख मांडतो. परंतु याच छावणीत २०१३ पासून युरोपीय फुटबॉल महासंघाच्या साहाय्याने जो फुटबॉल कार्यक्रम चालवला गेला त्यात मुलीही होत्या आणि त्यांच्यासाठी छावणीतील निर्वासित स्त्रियांनाच प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात आले होते. मुलग्यांच्या कथेत छावणीबाहेर पडणे हा उत्कर्षबिंदू असतो. मुलींच्या बाबतीत घराबाहेर पडून छावणीतल्याच मैदानापर्यंत जाणे हाच मोठा टप्पा असतो. हा टप्पा नाट्यमय नाही, म्हणून तो चित्रपटाचा विषय होत नाही. मुलींच्या खेळाविषयीचे लिखित व दृश्य साहित्य विरळ राहते याचे एक कारण कथनाच्या या रूढ साच्यात आहे.

मार्था ब्रॅडी यांनी २००५ च्या आपल्या निबंधात विकसनशील देशांतील सार्वजनिक जागा वय वाढेल तशा मुलांसाठी खुल्या आणि मुलींसाठी बंद होत जातात, याकडे लक्ष वेधले होते. मुलींना नियमितपणे एकत्र येता येईल अशी सुरक्षित जागा निर्माण करणे हे खेळाचे खरे सामर्थ्य आहे, ही त्यांची मांडणी आजही मोलाची वाटते. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या १५ व्या कलमात निर्वासितांना अराजकीय व नफा न कमावणाऱ्या संघटना स्थापन करण्यासंबंधी हक्क दिलेला आहे. खेळाचा संघ ही अशी संघटना होय, या दृष्टीने पाहिल्यास मैदानाची मागणी ही मेहेरबानीची याचना राहत नाही. (भारताने हा करार स्वीकारलेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.)

गणवेश : नियम कोणासाठी

मैदान मिळाले तरी खेळाचे नियम सर्वांना सारखे लागू होतात असे नाही. जून २०११ मध्ये अम्मान येथे ऑलिंपिक पात्रता सामन्यापूर्वी इराणच्या महिला संघाला, खेळाडूंनी केस झाकले आहेत या कारणाने, मैदानात उतरू दिले गेले नाही. जॉर्डनच्या संघालाही हिजाब वापरणाऱ्या आपल्या खेळाडूंना वगळावे लागले. गळ्याभोवतीचे वस्त्र धोकादायक ठरू शकते असे कारण देण्यात येत होते. त्यावर सुरक्षित रचनेची शिरोवस्त्रे तयार झाली, जुलै २०१२ मध्ये नियमकर्त्या मंडळाने प्रायोगिक परवानगी दिली आणि मार्च २०१४ मध्ये ती कायम केली. २०१६ मध्ये जॉर्डनने सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचे यजमानपद भूषवले. सीरियन मुली झातारीत फुटबॉल खेळू लागल्या त्या काळाशी हा घटनाक्रम समांतर आहे.

या प्रकरणाचे तात्पर्य हिजाबाच्या समर्थनात किंवा विरोधात शोधणे चुकीचे ठरेल. एखाद्या मुलीने शिरोवस्त्र वापरावे यासाठी कुटुंबाचा दबाव असू शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यावर घरात दबाव आहे म्हणून मैदानाचे दारही बंद करायचे, या न्यायाने ती दोन्हीकडून कोंडली जाते. फ्रान्समधील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये तेथील फुटबॉल महासंघाची सामन्यांतील हिजाबबंदी वैध ठरवली. म्हणजे एकाच वस्त्राने एक मुलगी आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळण्यास पात्र ठरते आणि दुसरी आपल्या वस्तीतल्या क्लबच्या सामन्यात अपात्र ठरते.

याउलट केनियातील दादाब छावण्यांत सोमाली मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी अंगभर असूनही हालचालीला मोकळा असा गणवेश तयार झाला, तो मुलींशी चर्चा करून. एका बड्या क्रीडासाहित्य कंपनीचे आरेखनकार व उच्चायुक्तालय यांचा त्यात सहभाग होता. गणवेशाचा प्रश्न लहान वाटतो. परंतु पोशाख कोणता हवा हे मुलींना विचारले गेले, त्यांच्या उत्तरानुसार कापड बेतले गेले आणि त्यामुळे घरच्यांचा आक्षेप सौम्य झाला, ही साखळी सक्षमीकरणाच्या कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक बोलकी आहे.

प्रतिस्पर्धी : समाज कसे जोडले जातात

खेळामुळे निर्वासित आणि यजमान समाज एकमेकांजवळ येतात, हा दुसरा लोकप्रिय दावा होय. रॉबर्ट पुटनम यांनी सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार मानले : एकाच समूहाला आतून बांधणारे आणि वेगवेगळ्या समूहांना एकमेकांशी जोडणारे. रॅमोन स्पाइज यांनी मेलबर्नमधील सोमाली समाजाच्या खेळाचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला त्यातून असे दिसले की, फुटबॉलने पहिल्या प्रकारची नाती घट्ट होतात, परंतु दुसऱ्या प्रकारच्या नात्यांविषयी फार मोठे दावे करता येत नाहीत. मैदानावरील वंशभेदी वागणूक आणि हाणामारी यांमुळे समूहांमधील सीमारेषा कधीकधी अधिक ठळक होतात. शिवाय खेळाचे हे लाभ स्त्री-पुरुषांत समप्रमाणात वाटले जात नाहीत.

हा निष्कर्ष निराशाजनक वाटला तरी तो प्रश्नाची दिशा सुधारतो. केवळ एकत्र खेळल्याने समाज जोडले जात नाहीत. ते ज्या अटींवर एकत्र येतात त्या महत्त्वाच्या असतात. येथे सांघिक खेळाचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षित राहते. संघाला प्रतिस्पर्धी लागतो आणि प्रतिस्पर्धी होणे हा समानतेचा एक स्पष्ट प्रकार आहे. मदत घेणाऱ्याशी कोणी सामना खेळत नाही. सामना खेळला जातो तो बरोबरीच्या पक्षाशी, एकाच नियमावलीखाली, एकाच पंचासमोर. फ्यूजीज संघ जॉर्जियातील सुखवस्तू उपनगरांच्या संघांविरुद्ध खेळू लागला तेव्हा त्या सामन्यापुरती मुले दयेचा विषय राहिली नाहीत. त्यांना हरवण्यासाठी समोरच्याला घाम गाळावा लागत होता.

निर्वासित मुलींसाठीच्या प्रकल्पांचा एक मोठा दोष यातून ध्यानात येतो. ते बहुधा सरावापाशी थांबतात. मुली आपापसांत खेळतात, छायाचित्रे निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. परंतु स्थानिक शाळा-महाविद्यालयांच्या संघांशी नियमित सामने, स्थानिक स्पर्धेत नोंदणी, गुणतक्त्यात नाव, हे सारे राहून जाते. सुरक्षित कुंपण आवश्यक असते, पण ते कायमचे झाले तर मुलींचा संघ स्वतःच्याच छावणीत नव्याने बंदिस्त होतो. समाजांतील नाती जोडायची असतील तर कुंपणाआडच्या सरावापासून स्थानिक स्पर्धेपर्यंत जाण्याचा मार्ग प्रकल्पाच्या आराखड्यातच असला पाहिजे.

नाव : मान्यतेचा प्रश्न

प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग संघाच्या नावाशी निगडित आहे. २०१६ मधील रिओ, २०२१ मध्ये झालेले टोकियो आणि २०२४ मधील पॅरिस या तीन ऑलिंपिक स्पर्धांत निर्वासितांच्या संघाने अनुक्रमे १०, २९ आणि ३७ खेळाडूंनिशी भाग घेतला. पॅरिसमध्ये मुष्टियोद्धा सिंडी न्गाम्बा यांनी या संघाला पहिले पदक, कांस्यपदक, मिळवून दिले. ही उपलब्धी थोर आहे. परंतु या ‘संघा’च्या वाट्याला फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल यांपैकी एकही सांघिक खेळ आला नाही. ज्युदोच्या मिश्र सांघिक लढतींचा अपवाद वगळता सहभाग वैयक्तिक स्पर्धांपुरता राहिला. निर्वासित व्यक्तीचे कर्तृत्व जग गौरवते. निर्वासितांचा समूह मात्र कोणाचे प्रतिनिधित्व करतो या प्रश्नापाशी व्यवस्था अडखळते, कारण सांघिक खेळांची आंतरराष्ट्रीय रचना राष्ट्रीय महासंघांवर उभी आहे.

अफगाणिस्तानचे उदाहरण या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. अफगाण पुरुषांचे क्रिकेट पाकिस्तानातील पेशावरलगतच्या निर्वासित छावण्यांत वाढले. त्या मुलांतूनच राष्ट्रीय संघ घडला, २०१७ मध्ये त्याला कसोटी दर्जा मिळाला आणि जून २०१८ मध्ये त्याने पहिली कसोटी बंगळुरूत भारताविरुद्ध खेळली. स्त्रियांच्या वाट्याला याच्या नेमका उलटा प्रवास आला. नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण क्रिकेट मंडळाने २५ महिला खेळाडूंना करारबद्ध केले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि त्यांपैकी बहुतेकींना देश सोडावा लागला. ऑस्ट्रेलियात आश्रय घेतलेल्या खेळाडू ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नमध्ये प्रथमच एकत्र येऊन एक प्रदर्शनीय सामना खेळल्या. पुरुष छावणीतून राष्ट्राकडे गेले. स्त्रिया राष्ट्राच्या संघातून निर्वासित अवस्थेकडे गेल्या. पुरुषांच्या संघाचे स्थान दरम्यान अबाधित राहिले.

फुटबॉलमध्येही हेच घडले. अफगाण महिला संघाच्या माजी कर्णधार खालिदा पोपल यांचे ‘माय ब्यूटिफुल सिस्टर्स’ (२०२४) हे आत्मकथन या संदर्भात महत्त्वाचे आहे. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका असलेल्या आईच्या प्रोत्साहनाने त्यांचा खेळ सुरू झाला. महिलांचा राष्ट्रीय संघ २००७ मध्ये उभा राहिला. २०११ मध्ये पोपल यांना देश सोडावा लागला आणि अखेर डेन्मार्कमध्ये त्यांना आश्रय मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये मायदेशी अडकलेल्या खेळाडूंना त्यांनी आपली छायाचित्रे समाजमाध्यमांवरून काढून टाकण्यास आणि गणवेश जाळण्यास सांगितले. ज्या गणवेशाने मुलींना सार्वजनिक ओळख दिली तोच जिवावर बेतणारा पुरावा ठरावा, यापेक्षा मान्यतेच्या प्रश्नाचे अधिक दाहक रूप कल्पिणे कठीण आहे. ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या खेळाडूंना मेलबर्न व्हिक्टरी या क्लबने आधार दिला आणि २०२२ पासून त्या स्थानिक साखळी स्पर्धेत खेळू लागल्या. जागतिक फुटबॉल महासंघाने निर्वासित अफगाण महिलांच्या संघाला मान्यता दिली ती मे २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी. २०२५ च्या अखेरीस हा संघ मोरोक्कोत ‘अफगाण विमेन युनायटेड’ या नावाने खेळला. अधिकृत राष्ट्रीय संघाचा दर्जा मात्र त्या वेळी त्याला दिला गेला नाही.

भारताच्या भूमीवरील उदाहरण तिबेटी मुलींचे आहे. तिबेटी पुरुषांच्या संघाने २००१ मध्ये कोपनहेगन येथे ग्रीनलँडविरुद्ध सामना खेळला. मुलींच्या फुटबॉलला एका अमेरिकन शिक्षिकेच्या पुढाकाराने चालना मिळाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, २०११ मध्ये. भारतातील तिबेटी वसाहतींतील व शाळांतील मुली त्यात सामील झाल्या. २०१७ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील स्पर्धेचे निमंत्रण असूनही खेळाडूंना व्हिसा नाकारण्यात आला. मैदान होते, सराव होता, प्रतिस्पर्धीही तयार होते. अडले ते कागदावर. कोणत्या देशाच्या नावाने प्रवास करायचा या प्रश्नाचे उत्तर कितीही आत्मविश्वास मिळवला तरी मुलीला स्वतः देता येत नाही.

काही आक्षेप

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, व्यवस्थेकडे बोट दाखवताना मुलीला खेळातून मिळणाऱ्या आनंदाचे मोल कमी लेखले जाते. वस्तुतः तसे नाही. छावणीतील एकसुरी दिवसात तासभर मोकळेपणी धावता येणे हे स्वयंपूर्ण मूल्य आहे. तो आनंद खरा आहे म्हणूनच तो एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीवर अवलंबून राहू नये, असा येथील आग्रह आहे. निधी संपला की चेंडू आणि प्रशिक्षक दोन्ही नाहीसे होत असतील तर मुलीला हक्क मिळाला नव्हता, केवळ सवलत मिळाली होती, असेच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संघ ही नेहमीच मुक्त करणारी रचना नसते. संघात अधिकाराची उतरंड असते, निवड व वगळणूक असते आणि त्या अधिकाराचा गैरवापर होऊ शकतो. २०१८ मध्ये अफगाण महिला खेळाडूंनी आपल्या महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. जागतिक महासंघाने जून २०१९ मध्ये केरामुद्दीन करीम यांना आजन्म बंदी व दहा लाख स्विस फ्रँकचा दंड ठोठावला. ज्यांच्या संघाकडे जगभर सक्षमीकरणाचे प्रतीक म्हणून पाहिले जात होते त्या मुली त्याच काळात अत्याचार सोसत होत्या. या प्रकरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. प्रतीकाच्या झगमगाटात प्रत्यक्ष मुलीची अवस्था झाकली जाऊ शकते. तसेच, संघाने एकमेकींशी जोडल्या गेलेल्या स्त्रियाच शेवटी एकत्रितपणे बोलू शकल्या. म्हणून संघ नाकारणे हा यावर उपाय नव्हे. तक्रारीची स्वतंत्र यंत्रणा, स्त्री-प्रशिक्षक आणि निर्णयप्रक्रियेत खेळाडूंचे प्रतिनिधित्व या संघाच्या मूलभूत गरजा मानल्या पाहिजेत.

तिसरा आक्षेप सांस्कृतिक आहे : मुलींचा फुटबॉल ही पाश्चात्त्य देणगीदारांनी परंपरानिष्ठ समाजांवर लादलेली गोष्ट आहे. काही प्रकल्पांबाबत या आक्षेपात तथ्य असेलही. परंतु पोपल यांना खेळाकडे वळवणारी त्यांची अफगाण आई होती. झातारीत मुलींना शिकवणाऱ्या सीरियन निर्वासित स्त्रिया होत्या. आपल्याच समाजातील ज्येष्ठ स्त्रीने खेळाला दिलेली संमती ही बाहेरून आणलेल्या कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक टिकाऊ ठरते. ‘परंपरा’ म्हणून जे पुढे केले जाते त्यात अशा स्त्रियांचे मत बहुधा विचारातच घेतलेले नसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, सांघिक खेळाकडे निर्वासित मुलींना ‘घडवण्याचे’ साधन म्हणून पाहणारी दृष्टी अपुरी आहे. क्लार्क्स्टनमध्ये प्रश्न मैदानाचा होता, अम्मानमध्ये नियमाचा, मेलबर्नमध्ये मान्यतेचा आणि तिबेटी मुलींच्या बाबतीत प्रवासपत्राचा. यांपैकी कोठेही अडथळा मुलींच्या मनोधैर्यात नव्हता.

यामुळे अशा उपक्रमांच्या मूल्यमापनाच्या कसोट्या बदलणे अगत्याचे ठरते. प्रकल्पापूर्वी व नंतर मुलींचा आत्मविश्वास मोजणाऱ्या प्रश्नावलीबरोबर काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. मैदानावर मुलींचा ठरलेला वेळ आहे काय, आणि प्रकल्प संपल्यावर तो राहील काय? पोशाख व वेळ यांचा निर्णय कोणी घेतला? वर्षभरात यजमान समाजातील किती संघांशी सामने झाले? संघाची नोंदणी कोणत्या नावाने आहे, आणि ते नाव कोणी निवडले? तक्रार करायची झाल्यास मुलीने कोणाकडे जावे? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत व कागदपत्रांत मिळू शकतात. त्यामुळे समाजशास्त्र, शारीरिक शिक्षण व स्त्री-अभ्यास या विद्याशाखांना संयुक्त संशोधनासाठी येथे मोठा वाव आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढेही एक काम उरते : निर्वासितांच्या क्रीडाकथांत मुलगे नायक आणि मुली पार्श्वभूमीवर, ही जी मांडणी रूढ झाली आहे तिचे पुनर्वाचन करणे.

अफगाण महिला संघाने आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना २०१० मध्ये बांगलादेशातील कॉक्स बझार येथे, दक्षिण आशियाई स्पर्धेत खेळला. २०१७ पासून त्याच कॉक्स बझार जिल्ह्यात लाखो रोहिंग्या निर्वासित छावण्यांत राहत आहेत व त्यांत मुलींची संख्या मोठी आहे. २०१० मध्ये तेथे खेळलेल्या अफगाण मुलींना निदान एका देशाचे नाव होते. ते नाव पुढे त्यांच्याकडून हिरावले गेले. रोहिंग्या मुलींकडे ते मुळातच नाही, कारण म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानंतर त्यांचा समाज नागरिकत्वालाच वंचित झाला आहे. अशा मुलींच्या पायाशी चेंडू देणे सोपे आहे. त्यांच्या संघाला मैदान, प्रतिस्पर्धी आणि नाव मिळवून देणे ही खेळाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची जबाबदारी आहे आणि सक्षमीकरणाची भाषा बोलणाऱ्या संस्थांची परीक्षा याच जबाबदारीवर व्हायला हवी.